वस्तीतल्या ताईंचे कागद कसे काढायचे? नव्या कार्यकर्त्यांसाठी

देहविक्रय करणाऱ्या बायकांच्या वस्तीत तुम्ही नुकतंच काम सुरू केलं असेल, तर पहिल्या आठवड्यातच कुणीतरी विचारेल, "ताई, माझं आधार होईल का?" मला विचारलं तेव्हा मी चटकन "होईल की" म्हणून बसले. तो एक कागद हातात यायला आठ महिने लागले, आणि वाटेत माझ्या हातून अशी एक चूक झाली की तिचा त्रास मला नाही, त्या ताईला झाला. ती चूक पुढे सांगते. आधार, रेशन कार्ड, बँक खातं, मतदार ओळखपत्र, मुलांचे दाखले हे सगळं मिळवता येतं. कायदा आता बऱ्यापैकी बाजूनं आहे. अडतं ते खिडकीशी आणि आपल्या अर्धवट माहितीशी.

वस्तीत बायका स्वतः "धंदा" म्हणतात, सरकारी कागदावर "देहविक्रय करणाऱ्या महिला" लिहिलेलं असतं. तुम्ही मात्र हाक मारताना ताई, मावशी म्हणा, नाहीतर ती सांगेल ते नाव घ्या.

१. आधी ऐका, वही नंतर काढा

फॉर्ममध्ये ज्याला रकाना नाही तो प्रश्न विचारू नका. कशी आलीस, कुणी आणलं, घरी माहीत आहे का, यातलं काहीही आधारच्या अर्जात लागत नाही. तिनं आपणहून सांगितलं तर ऐकून घ्या आणि तिथंच ठेवा. कागदाच्या बदल्यात तिची कहाणी द्यायला लावायची नाही, हा या कामातला माझा पहिला नियम आहे आणि तो मी बऱ्याच उशिरा शिकले.

वहीत चारच गोष्टी लिहा: नाव, तिचा मोबाइल, कोणता कागद हवा आणि अर्जाचा क्रमांक. व्यवसायाचा रकाना आखू नका. आजाराबद्दल तर एक अक्षर नको. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार कुणाची एचआयव्ही स्थिती तिच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही. वही रिक्षात राहिली आणि कुणाच्या हाती लागली तरी त्या पानावरून कुणाचं काही कळता कामा नये, एवढी ती साधी असू द्या.

सगळ्यात जास्त गळती होते ती व्हॉट्सअ‍ॅपवर. कार्यकर्त्यांच्या ग्रुपवर आधारचे, पासबुकाचे फोटो फिरत असतात. फोटो काढावा लागलाच तर तिच्याच मोबाइलवर काढा.

वेळेचंही भान ठेवा. रात्री धंद्यावर बसणारी बाई सकाळी आठला उठत नाही. वस्तीत जायचं ते दुपारी बारा ते चारच्या दरम्यान. सरकारी कार्यालयाची रांग मात्र सकाळी दहाला लागते. म्हणजे एका फेरीसाठी तिला आदल्या रात्रीची कमाई सोडावी लागते, म्हणून एका फेरीत होणाऱ्या कामाला दोन फेऱ्या लावू नका. आधी तुम्ही एकट्या जा, खिडकी कुठली, साहेब कोणत्या वारी असतात, झेरॉक्स किती लागतात ते विचारून या, आणि मगच तिला न्या.

घरवालीला, म्हणजे धंद्याची जागा चालवणाऱ्या बाईला, टाळून काम होत नाही. तिच्याशी भांडून तर मुळीच नाही. बहुतेक वेळा तिचेही कागद अर्धवटच असतात. तिलाही विचारा.

२. मुलगी अठराच्या आतली वाटली तर

इथे कागदांचं काम थांबवा. अठरा वर्षांखालच्या मुलीच्या बाबतीत संमतीचा प्रश्नच येत नाही. पोक्सो म्हणजे बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्यानं अशी माहिती पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. १०९८ या मुलांच्या मदतवाहिनीवर फोन करा. पुढचं काम बालकल्याण समितीचं आहे. तिला "वय वाढवून" आधार काढून द्या म्हणून कुणी गळ घातली, तर तो कागद म्हणजे तिला अडकवणारा साखळदंड आहे हे ओळखा. अशा अर्जाला हातही लावू नका.

सज्ञान बाई "मला इथे डांबून ठेवलंय, मला बाहेर पडायचंय" म्हणाली, तर तिच्याशी एकांतात बोला, ११२ (पोलीस) किंवा १८१ (महिला मदतवाहिनी) क्रमांक सांगा, आणि तिला कधी, कसं, कुणासोबत जायचं हे ती ठरवेल तसं करा. "राहायचं आहे" म्हणणारीला आपण कागद काढून देतो, "जायचं आहे" म्हणणारीलाही देतो. कागदाला अट नाही.

३. पिशवी उघडायला सांगा

"माझ्याकडे काहीच नाही" हे प्रत्येक बाईचं पहिलं वाक्य असतं, आणि बहुतेक वेळा ते खरं नसतं. निवांत बसून विचारलं की ट्रंकेतून, गादीखालून पिशवी निघते. एका वयस्कर मावशीनं उशीचा अभ्रा उसवला होता. आत प्लॅस्टिकची पिशवी, तिच्या आत दुसरी पिशवी आणि त्यात घडीवर विरलेलं लसीकरणाचं कार्ड. शाई जांभळी पडलेली, पण बाळंतपण झालेल्या रुग्णालयाचा शिक्का, तारीख आणि आईचं नाव वाचता येत होतं. मावशीला वाचता येत नव्हतं. मुलाचं काहीतरी आहे एवढ्यावरच तिनं ते वीस-बावीस वर्षं सांभाळलं होतं.

काय शोधायचं ते सांगते:

- शाळा सोडल्याचा दाखला, किंवा शाळेचं आणि वर्गाचं निदान नाव
- जुनं रेशन कार्ड, ज्यावर तिचं नाव आहे किंवा होतं
- जुनं मतदार ओळखपत्र, फाटलेलं असलं तरी
- दवाखान्याचे केसपेपर, बाळंतपणाचं डिस्चार्ज कार्ड, मुलांची लसीकरण कार्डं
- वीजबिल, भाडेपावती, गॅसचं कार्ड
- आधार नोंदणीची जुनी पावती
- पासपोर्ट साइजचे सहा-सात फोटो (हे आधीच काढून ठेवा)

लसीकरण कार्डासारखा कागद आधारला थेट चालत नाही, पण त्यावरून पुढचा कागद सापडतो.

४. नाव, वय, पत्ता, मोबाइल: चार जागा जिथे सगळे फसतात

नाव. वस्तीतलं नाव एक, गावचं नाव दुसरं, शाळेतलं तिसरं. कोणतं नाव लावायचं ते तिला ठरवू द्या, पण एकदा ठरलं की सगळीकडे तेच, अगदी वेलांटीसकट. इंग्रजी स्पेलिंग चिठ्ठीवर लिहून तिच्याकडे द्या म्हणजे ऑपरेटर मनानं टाइप करणार नाही. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं.

वय. जन्मतारीख तर एकदाच बदलते. "अंदाजे टाका" म्हणणाऱ्याचं ऐकण्याआधी शाळेचा दाखला मिळतो का बघा. वयाचा पुरावा बाईच्या सुरक्षेशीही जोडलेला आहे. धाडीत पकडलेली बाई अल्पवयीन आहे की सज्ञान यावर तिचे पुढचे महिने अवलंबून असतात.

पत्ता. इथे मी चुकले. त्या ताईकडे गावच्या पत्त्याचा पुरावा होता, काम लवकर होईल म्हणून मी तोच लावला. आधारचं पत्र टपालानं छापील पत्त्यावर जातं, हे डोक्यातच आलं नाही. पत्र तिच्या भावाच्या हातात पडलं. आपली बहीण शहरात शिवणकाम करते असं त्याला वाटत होतं. तो पत्र घेऊन तिला शोधत आला. त्यानंतर ती दोन वर्षं गावी गेली नाही. तेव्हापासून मी प्रत्येकीला विचारते, "या पत्त्यावर पत्र गेलं तर कोण उघडेल?" वस्तीचा पत्ता लावला तर गल्लीच्या नावावरूनच लोक ओळखतात, तोही विचार करायचा. वेगळी खोली भाड्यानं असेल तर तिचा पत्ता बरा पडतो.

आधारमध्ये सज्ञान व्यक्तीला "केअर ऑफ" म्हणजे वडील-नवऱ्याचं नाव देणं सक्तीचं नाही. ऑपरेटर सांगत नाही, आपण सांगायचं.

मोबाइल. क्रमांक तिचा स्वतःचा हवा. तिच्या माणसाचा नाही, घरवालीचा नाही, आणि तुमचाही नाही. ओटीपी ज्याच्या फोनवर येतो त्याच्या हातात तिचं खातं जातं. सिम दुसऱ्याच्या नावावर असेल तर आधार झाल्यावर पहिलं काम म्हणून स्वतःच्या नावाचं सिम घ्यायला लावा.

५. आधार

पहिला प्रश्न: पूर्वी कधी बोटं दिली होतीस का? शिबिरात नोंदणी झालेली असते, पावती हरवलेली असते आणि बाई विसरलेली असते. अशा बाईची नव्यानं नोंदणी केली की ठसे जुळतात आणि अर्ज फेटाळला जातो. आधी १९४७ या आधारच्या मदतवाहिनीवर विचारा, किंवा केंद्रावर ठसे देऊन जुना क्रमांक सापडतो का ते बघा.

नोंदणी झालेलीच नसेल तर दोन रस्ते आहेत.

ओळख, पत्ता आणि जन्मतारखेचे नेहमीचे पुरावे असतील तर साध्या रस्त्यानं जा. तिचा व्यवसाय कुणाला कळण्याची गरजच पडत नाही. हा रस्ता उघडा असताना दुसरा धरू नका.

पुरावे नसतील तर दुसरा रस्ता. बुद्धदेव कर्मस्कर विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १९ मे २०२२ रोजी जो आदेश दिला, तो या कामातला आपला सगळ्यात मोठा आधार आहे. हे प्रकरण सुरू झालं ते कोलकात्यात १९९९ मध्ये झालेल्या एका देहविक्रय करणाऱ्या बाईच्या खुनातून. मारेकऱ्याची शिक्षा २०११ मध्ये कायम झाली, पण न्यायालय तिथं थांबलं नाही. या बायकांना सन्मानानं जगता यावं यासाठी काय करायला हवं ते सांगायला त्यानं त्याच वर्षी एक समिती नेमली. २०२२ च्या आदेशानुसार, नॅको म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेतल्या राजपत्रित अधिकाऱ्यानं किंवा राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या प्रकल्प संचालकांनी ठरलेल्या नमुन्यात दाखला दिला, की त्यावर आधार मिळतं. त्याच आदेशात दोन गोष्टी स्पष्ट आहेत: माहिती गोपनीय ठेवायची, आणि आधारच्या क्रमांकात ही बाई देहविक्रय करणारी आहे हे ओळखू येईल असं कोणतंही चिन्ह टाकायचं नाही. "आधारवर शिक्का मारतील का?" हा प्रश्न तुम्हाला प्रत्येक खोलीत विचारला जाईल. "नाही" असं खात्रीनं सांगा.

दाखल्यासाठी वस्तीत जो लक्ष्यगट हस्तक्षेप प्रकल्प चालतो, म्हणजे निरोध आणि तपासणीचं काम करणारी संस्था, तिथून सुरुवात करा. राज्यात महाराष्ट्र राज्य एड्स नियंत्रण संस्था आहे, मुंबईसाठी मुंबई जिल्हा एड्स नियंत्रण संस्था. प्रकल्पात नाव नसलेल्या बायकाही असतात, विशेषतः खोलीवर किंवा फोनवर काम करणाऱ्या. त्यांच्यासाठी बायकांच्या स्वतःच्या संघटनेकडून नाव पुढे जाऊ शकतं. संघटनांनी दिलेल्या माहितीची पडताळणी करून याद्या कराव्यात, असं न्यायालयानं डिसेंबर २०२१ मध्येच सांगितलं होतं. सांगलीत वेश्या अन्याय मुक्ती परिषदेच्या बायका स्वतः संघटित होऊन आपल्या हक्कांसाठी उभ्या राहिल्या आहेत. तुमच्या भागात अशी संघटना असेल तर तुम्ही तिच्या मागे उभं राहा, पुढे नको.

नोंदणीच्या दिवशी लक्षात ठेवायचं:

- अठरा वर्षांवरील व्यक्तीची पहिली नोंदणी प्रत्येक केंद्रावर होत नाही. आधी विचारून जा.
- नवीन नोंदणी मोफत आहे. पैसे मागितले तर पावती मागा.
- भांडी-धुणी करणाऱ्या बायकांचे ठसे उमटत नाहीत. ओल्या फडक्यानं बोटं पुसा, परत प्रयत्न करायला सांगा. डोळ्यांची नोंदही असतेच.
- पावती घेण्याआधी स्क्रीनवरचं प्रत्येक अक्षर तिला वाचून दाखवा. चूक सापडली तर तिथंच दुरुस्त होते.
- सज्ञान व्यक्तीच्या नोंदणीची राज्य पातळीवर पडताळणी होते आणि तिला काही महिने लागू शकतात. "पंधरा दिवसांत येईल" असं वचन देऊ नका.

आधार आल्यावर तिला मास्क्ड आधार डाउनलोड करून द्या. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. लॉजवर किंवा खोलीमालकाला द्यायला तेवढं पुरतं.

नेपाळ किंवा बांगलादेशातून आलेल्या बायकाही वस्तीत असतात. आधार हा रहिवासाचा कागद आहे, नागरिकत्वाचा नव्हे. त्यासाठी आधीच्या बारा महिन्यांत भारतात १८२ दिवस राहिलेलं असावं लागतं आणि ओळखीचे खरे पुरावे लागतात. "पाच हजारांत सगळं करून देतो" म्हणणारा एजंट तिला खोट्या जन्मदाखल्यावर उभं करतो, आणि पुढे गुन्हा तिच्या नावावर लागतो. अशा बाबतीत आधी विधी सेवा प्राधिकरणाच्या, म्हणजे मोफत वकील देणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या, वकिलाला विचारा.

६. रेशन कार्ड

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ च्या कलम १३ प्रमाणे घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत मोठी स्त्री हीच कुटुंबप्रमुख. तरीही खिडकीतला पहिला प्रश्न "नवऱ्याचं नाव?" हाच असतो. माझ्यासोबतची ताई एकदा त्या प्रश्नावर काही न बोलता रांगेतून मागे फिरली होती. तेव्हापासून मी कलम १३ ची झेरॉक्स फाइलच्या पहिल्या पानावर ठेवते. एकटी बाई म्हणजेही एक कुटुंब असतं, एवढं शांतपणे सांगायचं.

शहरात शिधावाटप किंवा परिमंडळ कार्यालय, तालुक्याला तहसील. आधार, फोटो, राहण्याचा पुरावा आणि उत्पन्नाचा दाखला लागतो. प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा शहरात ५९,००० आणि ग्रामीण भागात ४४,००० रुपये आहे. व्यवसाय विचारला तर "स्वयंरोजगार" लिहा. ते खोटं नाही.

मोठी अडचण येते ती तिचं नाव गावच्या कार्डावर असेल तर. नवीन कार्डासाठी तिथून नाव कमी केल्याचा दाखला लागतो, म्हणजे गावात विचारपूस होणार. तिला ते नको असेल तर "एक देश एक रेशन कार्ड" मधून वाट निघते. गावच्याच कार्डावर, अंगठा लावून, ती आपल्या वाट्याचं धान्य इथल्या दुकानातून उचलू शकते. माणशी महिना ५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. मात्र घरच्यांनी तिचा वाटा तिकडे आधीच उचलला असेल तर इथे मिळणार नाही.

सप्टेंबर २०२० मध्ये, टाळेबंदीनं धंदा बंद पडला तेव्हा, सर्वोच्च न्यायालयानं ओळखपत्राचा आग्रह न धरता या बायकांना कोरडा शिधा द्या असं सांगितलं. महाराष्ट्र शासनानं ऑक्टोबर ते डिसेंबर २०२० साठी महिना ५,००० रुपये आणि शाळेत जाणारी मुलं असतील तर आणखी २,५०० रुपये जाहीर केले. त्या वेळी ज्यांचं स्वतःचं बँक खातं नव्हतं त्या बायका माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून आता रेशनच्या आधी खात्याचं काम होत असेल तर मी ते उरकून घेते.

७. बँक खातं

आधार असेल तर जनधन खातं सोपं आहे. आधार नसेल तरी "छोटं खातं" उघडता येतं. बँकेच्या अधिकाऱ्यासमोर फोटोवर सही किंवा अंगठा केला की पुरे. त्यात शिल्लक ५० हजारांवर जाऊ शकत नाही, वर्षभरात जमा एक लाखापर्यंत, महिन्याला १० हजारच काढता येतात, आणि बारा महिन्यांत ओळखीच्या कागदासाठी अर्ज केल्याचा पुरावा द्यावा लागतो. शाखेत बऱ्याचदा "असं काही नसतं" म्हणतात. व्यवस्थापकाला भेटा, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे असं सांगा, आणि नकार लेखी मागा. लेखी मागितलं की बहुतेक ठिकाणी फॉर्म निघतो.

एटीएम कार्ड आणि पिन तिच्याकडेच. वस्तीतल्या बाईची बचत घरवालीकडे, सावकाराकडे किंवा तिच्या माणसाकडे जाते आणि परत येत नाही, हे जुनं दुखणं आहे. कोलकात्याच्या सोनागाछीत बायकांनी १९९५ मध्ये उषा ही स्वतःची सहकारी संस्था काढली ती याचसाठी.

८. मतदार ओळखपत्र

नमुना ६ भरायचा. राहण्याचा पुरावा नसलेल्यांसाठी निवडणूक आयोगाची सोय आहे: केंद्रस्तरीय अधिकारी रात्री येऊन ती व्यक्ती तिथं झोपते का याची खात्री करतो. बेघर माणसांसाठी केलेला हा नियम रस्त्यावर राहणाऱ्या बायकांना उपयोगी पडतो. चौकशीसाठी १९५०. फक्त भारतीय नागरिकांसाठीच, आणि खोटं निवेदन हा गुन्हा आहे.

९. मुलांचे कागद

उशीतून निघालेल्या त्या लसीकरण कार्डावरून आम्ही रुग्णालय शोधलं, रुग्णालयावरून पालिकेच्या जन्मनोंदीचं वर्ष. नोंद झालेली होती, फक्त दाखला कधी कुणी काढला नव्हता. म्हणून मूल घरी जन्मलं की दवाखान्यात, हे आधी विचारा. दवाखान्यात जन्मलेल्याची नोंद बहुधा सापडते.

नोंदच नसेल तर: २१ दिवसांत नोंदणी विनाशुल्क, ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क, वर्षापर्यंत वरिष्ठांची लेखी परवानगी, आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. २०२३ च्या दुरुस्तीनंतर हा आदेश जिल्हाधिकारी, उपविभागीय किंवा कार्यकारी दंडाधिकारी देतात.

वडिलांचं नाव. इथे बायका सगळ्यात जास्त घाबरतात आणि कुणाचं तरी नाव लावून टाकतात. तसं करू देऊ नका. तो माणूस उद्या हक्क सांगत येतो, नाहीतर मुलाच्या प्रत्येक दाखल्यावर त्याची सही लागते. सर्वोच्च न्यायालयानं ६ जुलै २०१५ रोजी सांगितलंय की अविवाहित आईनं मुलाच्या जन्मदाखल्यासाठी अर्ज केला तर तिच्याकडून फक्त प्रतिज्ञापत्र घ्यायचं आणि दाखला द्यायचा. वडिलांचं नाव सांगायची सक्ती नाही.

शाळेसाठी थांबू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १४ नुसार वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. आधी मूल वर्गात बसवा, दाखला मागून येईल.

१०. धाड पडली तर

वस्तीत याला "पिटाची रेड" म्हणतात. १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यात (यालाच "पिटा" म्हणतात) देहविक्रय हा स्वतःच गुन्हा नाही. कुंटणखाना चालवणं, दुसऱ्याच्या देहविक्रयाच्या कमाईवर जगणं, बाईला यात आणणं, डांबून ठेवणं हे गुन्हे. सार्वजनिक जागी गिऱ्हाईक बोलावणं, किंवा धार्मिक स्थळ, शाळा, रुग्णालय यांच्या २०० मीटरच्या आत धंदा करणं हेही गुन्हे. म्हणजे बाई कायद्याच्या बाहेर नाही, पण या शेवटच्या दोन गुन्ह्यांच्या कलम ७ आणि ८ मध्ये ती सहज सापडते. तिला हा फरक नीट समजावून सांगा. "काही होत नाही" असं म्हणू नका.

धाडीत किमान दोन महिला पोलीस असायला हव्यात आणि बाईची चौकशी महिला अधिकाऱ्यानंच करायची. सूर्यास्त ते सूर्योदय बाईला अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. निरोध सापडले म्हणून तो पुरावा धरायचा नाही, आणि धाडीत तिची ओळख माध्यमांत उघड होऊ द्यायची नाही, हेही २०२२ च्या आदेशात आहे. कॅमेरेवाला आला तर तुम्ही मध्ये उभ्या राहा.

सज्ञान बाईला सुधारगृहात पाठवलं तर ताबडतोब वकील गाठा. मुंबई उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२० मध्ये अशा तीन तरुणींना सोडायचा आदेश देताना, सज्ञान स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध ठेवता येणार नाही असंच म्हटलं. वकिलाला पहिल्या दिवशी वयाचा पुरावा लागतो. तो खोलीत अडकला असेल, आणि खोलीला सील लागलं असेल, तर हात बांधले जातात. म्हणून एक प्रत विश्वासाच्या माणसाकडे किंवा तिच्या डिजिलॉकरमध्ये ठेवायला सांगा. वकील मोफत मिळतो. विधी सेवा प्राधिकरण कायद्यात प्रत्येक स्त्रीला, उत्पन्न न बघता, तो हक्क आहे. क्रमांक १५१००.

११. मारहाण किंवा अत्याचार झाला तर

धंदा करणाऱ्या बाईवर बलात्कार होऊ शकतो. हे वाक्य तुम्हाला पोलीस ठाण्यात मोठ्यानं बोलावं लागेल. तिचा पूर्वीचा लैंगिक संबंध हा संमतीचा पुरावा धरता येत नाही. आधी दवाखाना: सरकारी असो वा खासगी, प्रथमोपचार मोफत द्यावेच लागतात आणि त्यासाठी तक्रारीची वाट बघायची नाही. एचआयव्ही टाळण्याचं औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, जितकं लवकर तितकं बरं, आणि ते २८ दिवस घ्यायचं असतं. तक्रार कोणत्याही ठाण्यात नोंदवता येते. हद्दीचं कारण सांगून परत पाठवलं तर "झिरो एफआयआर" हा शब्द वापरा. भरपाईसाठी महाराष्ट्रात मनोधैर्य योजना आहे, अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे.

१२. सोबत ठेवायची फाइल, आणि परत करायचे कागद

तुमच्या फाइलमध्ये १९ मे २०२२ च्या आदेशाची प्रत, अन्न सुरक्षा कायद्याचं कलम १३, २०१५ च्या निकालाचं पहिलं आणि शेवटचं पान, कोरे फॉर्म, शाईचं पॅड, गोंद आणि हे क्रमांक: पोलीस ११२, महिला १८१, मुलं १०९८, विधी सेवा १५१००, एड्स मदतवाहिनी १०९७, आधार १९४७, मतदार १९५०.

संस्थेच्या कपाटात ताईंचे मूळ कागद ठेवायची सवय लावून घेऊ नका. "इथे सुरक्षित राहतात" असं म्हणून मीही ठेवले होते. एक ताई रविवारी रात्री आजारी मुलाला घेऊन रुग्णालयात गेली तेव्हा तिचं रेशन कार्ड माझ्या कुलपात होतं आणि किल्ली माझ्या घरी. काम झालं त्याच दिवशी मूळ कागद तिच्या हातात द्या. घरवाली उधारीपोटी कार्ड ठेवून घेत असेल तर ते सोडवायला तुम्ही सोबत जा. मग वहीतलं तिचं पान, नाव-क्रमांकासकट, तिच्यासमोर फाडा आणि तुकडे तिलाच द्या.